शब्दचर्चा : काकांचा मुक्तछंद

प्रश्न : कोथरूडला भाचीचं लग्न झालं. घरच्यांनीच मंगलाष्टकं रचली होती. एका काकांच्या अष्टकात गुरुजी दोनदा अडखळले. काका शांतपणे म्हणाले, "मुक्तछंदात आहे ते." मुक्तछंद म्हणजे छंद नसणं का?

उत्तर : नाही हो. घोळ 'छंद' या शब्दातच आहे. एरवी आपण कुठल्याही पद्याच्या साच्याला छंद म्हणतो. कवी माधव जूलियनांच्या 'छंदोरचना' या ग्रंथातली विभागणी नेमकी आहे : अक्षरांची संख्या मोजली की छंद (ओवी, अभंग), मात्रा मोजल्या (लघु म्हणजे आखूड अक्षराची एक, गुरू म्हणजे लांब किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन) की जाती, आणि लघु-गुरूंचा क्रमच बांधलेला असला की वृत्त.

'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' घ्या. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लगागा (ल लघु, गा गुरू) चार वेळा. आता 'गणाधीश'च्या जागी 'गणपती' घालून मोठ्याने म्हणा. अक्षरं 12 ची 12, तरी पहिल्याच पावलाला ठेच. मात्राही एक कमी पडते. अक्षर मोजणाऱ्या छंदात मात्र हे खपून गेलं असतं.

कवी अनिलांच्या 'भग्नमूर्ती'त (1940) ओळी लहानमोठ्या होतात, यमकाची सक्ती नाही, पण लय सुटत नाही. तो मुक्तछंद. लयीचंही बंधन नको असेल तर सरळ गद्यकविता म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. गंमत म्हणजे याच अनिलांनी पुढे दहा ओळींची 'दशपदी' बांधली. बंधन हवंसं वाटलं असणार.

आणखी एक उत्तर : काकांची बाजूही बघा. मंगलाष्टक म्हणजे बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्त, 19 अक्षरं, 12 व्यावर यती, म्हणजे थांबा. शेवटची 7 'कुर्यात् सदा मंगलम्' आधीच अडवून बसलेली. म्हणजे त्या ओळीत सासर-माहेर आणि आशीर्वाद सगळं 12 अक्षरांत : गागागा ललगा लगाल ललगा. त्यात नवरी 'अनुष्का' असली तर संपलंच, कारण लगागा या बारांत कुठेच सलग येत नाही. 'मीनाक्षी' असती तर आरंभीच चपखल बसली असती.

प्रश्नकर्ती : नवरीचं नाव अनुष्काच आहे!

त्यावर : मग 'ही कन्या' लिहायचं होतं. गागागा. नाव काय, पत्रिकेत छापलेलं असतंच.