मदत हवी आहे: टार.जीझेड (अनेक फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं) उघडण्याआधी अजून काय तपासू?
मंडळी, वडोदऱ्यात दांडिया बाजारला काकांच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू (लिनक्स) टाकलंय, आता एक प्रोग्राम हवाय तो फक्त टार.जीझेडमध्येच मिळतो. शा-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे ताडायचा आकडा) जुळला, पण फाइल आणि चेकसम दोन्ही एकाच साइटवर, साइटच हॅक झाली असेल तर जुळून काय उपयोग? म्हणून सोबतची डिजिटल सही जीपीजीने (सह्या तपासायचा प्रोग्राम) तपासली तर म्हणतं सही गुड आहे पण ती करणारी ‘की’ (सहीची किल्ली) ट्रस्टेड नाही, म्हणजे नक्की काय समजायचं, आणि त्या ‘की’चा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा आकडा) कुठे ताडून बघायचा? टार -टीएफने नुसती यादी पाहिली, सगळ्या फाइली सुट्ट्याच, एका फोल्डरात नाहीत, त्यामुळे रिकाम्या फोल्डरमध्येच उघडीन. आतली इन्स्टॉल स्क्रिप्ट सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवायची आहे. काका म्हणतात टाक पासवर्ड आणि मोकळा हो 😀 स्क्रिप्टमध्ये आधी काय बघायचं?