शिक्षण धोरणात करिअर, कोकणातून सुरुवात कशी?

देवगडकर: वाडीतल्या झेडपी शाळेत शिकवतो, चारही वर्ग एकाच खोलीत. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांसारखं धोरणाचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीपलीकडचा: नाईक १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव, पण त्याआधी गारगोटीला (कोल्हापूर जिल्हा) मौनी विद्यापीठ उभं करण्यात होते, डायरेक्ट दिल्ली नाही गाठली त्यांनी. टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठात एमए एज्युकेशन बघ.

मालवणी_मास्तर: एमए कर रे, पण आधी आरटीई २००९ (शिक्षण हक्क कायदा) आणि राज्याचे नियम वाच. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, असं कागदावर, आणि मधे पावसात भरलेला व्हाळ (ओढा), साकव (छोटा पूल) वाहून गेलेला, पोरं जाणार कशी? हेच लिहून काढ ना, मुंबईत बसून कुणाला दिसत नाय.

देवगडकर: साकवाचे फोटो आहेत माझ्याकडे, टाकतो.