निवृत्तीच्या वेळी दवाखान्याची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न :
कोल्हापुरात गंगावेशीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. ३४ वर्षांनंतर येत्या मार्चअखेर तो सोपवून निवृत्त व्हायचे आहे. वर्षाची जमा साधारण २४ लाख, तर भाडे, कंपाउंडर आणि औषधे मिळून खर्च ८ लाख आहे. एका तरुण एमबीबीएस डॉक्टरांनी विचारणा केली असून मित्रांच्या मते वर्षाची जमा हीच किंमत सांगावी. लोखंडी कपाटात तीन पिढ्यांचे केसपेपर घराण्यांच्या आडनावांनी लावलेले आहेत. त्यांचे मोल धरावे का, हे मला उमगत नाही.

उत्तर १ :
डॉक्टरसाहेब, जमेवरून किंमत काढू नये. उरणाऱ्या १६ लाखांत तुमची स्वतःची मेहनत आहे. तुमच्या जागी पगारी डॉक्टर बसवला आणि त्याला समजा १२ लाख द्यावे लागले, तर दवाखान्याची म्हणून कमाई ४ लाखच राहते, आणि गुडविल, म्हणजे दवाखान्याच्या नावलौकिकाची किंमत, तिच्याच पटीत मोजावे लागते. एकाच डॉक्टरच्या नावावर चालणाऱ्या दवाखान्यासाठी मी दोन पटींच्या वर जाणार नाही. उपकरणे आजच्या बाजारभावाने वेगळी जोडावीत.

उत्तर २ :
केसपेपर हा विक्रीचा माल नव्हे, त्यातील माहिती रुग्णाची आहे. ती नव्या डॉक्टरांकडे रुग्णाच्या संमतीनेच जावी. मोल आहे ते ओळख करून देण्याला. मी राजारामपुरीत दवाखाना घेतला, तेव्हा जुने डॉक्टर तीन महिने माझ्या शेजारी बसले. ते मधुमेहाच्या आजींची विचारपूस करीत आणि केसपेपर माझ्याकडे सरकवून म्हणत, "आता हे बघतील तुम्हाला." त्या तीन महिन्यांमुळेच रुग्ण टिकले. मात्र रक्कम ठोक ठरवा, रुग्णामागे टक्केवारी नको. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे.

उत्तर ३ :
मी करसल्लागार आहे. सर्वांत आधी घरमालकांची लेखी संमती घ्या, कारण त्यांनी नव्या डॉक्टरांशी भाडेकरार केला नाही, तर रुग्णांना सवयीची असलेली जागाच हातून जाईल आणि वरचा सारा हिशेब कोलमडेल. स्वतः उभारलेल्या गुडविलची खरेदी किंमत करासाठी शून्य धरतात, त्यामुळे मिळालेली संपूर्ण रक्कम भांडवली नफा ठरते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या अशा नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. घसारा (वापरामुळे घटणाऱ्या किमतीची करातील वजावट) घेतलेल्या उपकरणांवरील नफा अल्प मुदतीचा मानला जातो, म्हणून करारात गुडविल आणि उपकरणे यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. कपाटाचे पैसे मी मागणार नाही. घरमालकांशी याच आठवड्यात बोलतो, आणि ते तयार झाले तर जानेवारीपासून नव्या डॉक्टरांची खुर्ची माझ्या शेजारी मांडतो.