मदत हवी आहे: ‘लीळाचरित्र’ कुठल्या वर्गांकात?

जालन्याकडच्या कॉलेज ग्रंथालयासाठी विचारतोय. ड्युई दशांश वर्गीकरणानुसार (ग्रंथांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत) ‘लीळाचरित्र’ २९४.५ हिंदू धर्मात घालावं, ८९१.४६ मराठी साहित्यात, की ९२० चरित्रात? कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६०० या व्यक्तिनामाच्या रकान्यात चक्रधरस्वामी आणि ६५० या विषयाच्या रकान्यात दोन-तीन विषय देता येतात, शोधापुरतं भागतं. पण प्रत कपाटात एकाच जागी बसणार!

घोळ सिद्धांताचा आहे. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक पॅट्रिक विल्सन (१९६८) यांच्या मते ग्रंथाचा एकच नेमका विषय ठरवताच येत नाही. त्याच क्षेत्रातले बिर्गर ह्योरलान (१९९२) ग्रंथात ज्ञानाच्या ज्या शक्यता आहेत त्यांनाच विषय मानतात. मग आमच्याकडे एम.ए. मराठीची पोरं जास्त म्हणून ८९१.४६ द्यायचा? उद्या महानुभाव पंथाचे अभ्यासक वाढले तर पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या पुन्हा बदलायच्या का? दोन वर्गीकरणकार दोन क्रमांक देतात ते यामुळेच.

असा ग्रंथ कुठे बसवायचा याचा लेखी नियम कुणी केलाय का? असेल तर शब्दशः टाका.