‘लिकफेर्द’ : शोक अल्बममध्ये आहे की ऐकणाऱ्याच्या मनात?

प्रश्न : नॉर्वेच्या विंदिर या मेटल बँडचा ‘लिकफेर्द’ (2003) हा अल्बम मी सध्या रात्री हेडफोन लावून ऐकतो आहे. ‘प्रेतयात्रा’ या अर्थाचे हे नाव ठेवणारा त्यांचा गायक वाल्फार पुढच्याच जानेवारीत गेला, हे कळल्यापासून प्रत्येक चाल शोकगीतासारखी वाटते; हे माझ्याच मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : काही अंशी होय. वाल्फार, म्हणजे तेर्ये बाकेन, सोग्नदालजवळ कुटुंबाच्या केबिनकडे पायी जाताना हिमवादळात सापडला आणि वयाच्या 25व्या वर्षी गारठून मृत्यू पावला. परंतु अल्बम त्याआधीच प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे त्यात भविष्यवाणी शोधणे मला पटत नाही. तरीही गिटारच्या तारांवर अतिवेगाने, न थांबता छेडलेले स्वर, त्यांमागून संथपणे उलगडणारी लोकसंगीताच्या वळणाची धून आणि त्यावर आलेला तो फाटका आवाज ऐकताना गळा दाटून येतो, हे खरे.

उत्तर : खरा शोक मला पुढच्या निर्णयात दिसतो. सोबत्यांनी नवा गायक शोधला नाही. सप्टेंबर 2004 मध्ये ओस्लोत निरोपाची मैफल करून त्यांनी विंदिर हे नाव थांबवले. त्यांच्यातील काहींनी व्रेइद हा बँड काढला.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता आधी विंदिरचाच जुना अल्बम ‘1184’ ऐकतो आणि मग याकडे परततो.