कातकरी वाड्यांवर गरोदर मातांची तपासणी: एचबीचे (हिमोग्लोबिनचे) आकडे भलतेच का येतात?

विचारणा: मुरुडची_सिस्टर
रोहा-म्हसळा भागातल्या कातकरी वाड्यांवर आम्ही काही नर्स स्वयंसेवक म्हणून महिन्याकाठी जाणार आहोत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आहे. पावसाळ्यात एचबीच्या पट्ट्यांचा भरवसा नाही असं ऐकलं. खरं का? आणि गोळ्या वाटाव्यात का?

उपकेंद्र_एएनएम
खरं आहे. पट्टीला दमट हवा लागली की ती गेलीच. रांग मोठी म्हणून सगळ्या पट्ट्या आधीच काढून ठेवतात, तिथेच घोळ होतो. एक काढा, झाकण लावा, डबी उघडल्याची तारीख वर लिहा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाका. बोट पिळू नका. पेशींबाहेरचं पाणी मिसळून एचबी कमी दिसतं. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणा. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) दर बाईला नवी, वापरलेली जाड डब्यात, आणि तो डबा वाडीवर न टाकता प्राथमिक आरोग्य केंद्रात परत.

एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ७ ते १०.९ असेल तर लोहाच्या दोन गोळ्या रोज. ७ च्याही खाली गेलं तर गोळ्यांवर ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

गोळीवाली_ताई
स्वतःचा साठा नेऊ नका, गोळ्या उपकेंद्रातूनच जाऊ द्या. नाहीतर एकीला दोनदा मिळतात, दुसरीला एकदाही नाही. चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची (६० मिग्रॅ लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक) गोळी, रक्तक्षय नसेल तर रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. कॅल्शियम वेगळ्या वेळी, निदान दोन तासांचं अंतर, आणि गोळीवर कोरा चहा नको. शौच काळी होते हे आधीच सांगा. पुष्कळ बाया तेवढ्यालाच घाबरून गोळी बंद करतात.

रत्नागिरी_पीएचएन
बीपीची घाई करू नका. चढण चढून आलेली बाई पाच मिनिटं बसू दे, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. १४०/९० किंवा वर आलं तर पुन्हा मोजा, लघवीत प्रथिनं बघा आणि डॉक्टरांना कळवा. १६०/११० किंवा वर असेल, अथवा बीपी वाढलेलं असताना डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटात वरच्या बाजूला कळ आहे असं म्हणाली, तर थेट १०८.

बाळाचं वजन उघड्यानेच. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त असेल तर पुन्हा मोजा, तेवढाच आला तर पाठवा.

उपकेंद्र_एएनएम
एक राहिलं. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्ट्यांवर जातात, म्हणून पावसाळ्यातच विचारून ठेवा कोण कुठे जाणार. आकडे तुमच्या वहीत नव्हे, माता-बाल कार्डावर लिहा आणि कार्ड बाईबरोबर द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. भट्टी कुठेही असली तरी दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची मोफत तपासणी सरकारी दवाखान्यात मिळते. तिकडच्या आशाला फोन इकडच्या आशाकडून जाऊ द्या.