यान्को पट्ट्यांचं अकॉर्डियन बाखसाठी घ्यावं का?

पट्टीकर
एक जुनं अकॉर्डियन विकायला आहे. उजवीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांऐवजी आखूड पट्ट्यांच्या तीन ओळी, डावीकडे १२० बटणं. विकणारा 'यान्को' म्हणतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतकार बाख वाजवायचा आहे. अभिजात वादकांकडे ही रचना का दिसत नाही? घेताना काय तपासावं?

रीडवाला
आधी खात्री करा. एकाच ओळीतल्या शेजारच्या पट्ट्या दाबत जा. सी, डी, ई, एफ शार्प असा पूर्ण स्वराने सूर चढला तर यान्को. सी, ई फ्लॅट, एफ शार्प, ए आलं तर ते क्रोमॅटिक बटण-अकॉर्डियन.

हंगेरीच्या पाउल फॉन यान्को यांनी १८८२ मध्ये ही मांडणी पियानोसाठी काढली. फार सुंदर कल्पना आहे: बिलावलातले सा रे ग एका ओळीत, म प ध नी वरच्या ओळीत. सा पांढरी एकला धरा की काळी चारला, बोटं तीच. मात्र तीन ओळी हव्यातच. दोनच असल्या तर निम्म्या सुरांवरून बोटं बदलतात.

भाता-दुरुस्ती
दुखणं तरफेत असतं. पहिली आणि तिसरी ओळ एकाच तरफेवर. जाळीकडची, म्हणजे वाद्याच्या अंगाजवळची ओळ तरफेच्या आसाजवळ, म्हणून तिथे जोर जास्त लागतो आणि पट्टी कमी दबते. तोच सूर दोन्ही ओळींतून सावकाश वाजवा. जाळीकडून दबका आला तर हवा सोडणारी झडप पुरती उचलत नाही. साधा पियानोपट्टा बसवू म्हणाल, तर सगळ्या तरफा नव्याने घडवाव्या लागतील.

मंद्र
पण बाख अडतो तो डाव्या हातावर. १२० बटणांच्या स्ट्राडेला बासमध्ये दोन ओळी सुट्या सुरांच्या, चार ओळी तयार कॉर्डच्या (एका बटणात अनेक सूर एकत्र). सुटे सूर बाराच, एका सप्तकात फिरणारे. त्यामुळे डावा आवाज चढता चढता मध्येच खाली कोसळतो. १९५० च्या दशकाअखेरीपासून अकॉर्डियनवादक मोगेन्स एलेगार्ड यांच्यासाठी डॅनिश संगीतकार लिहू लागले तेही फ्री बास (डावीकडे अनेक सप्तकांचे सुटे सूर) धरूनच. उजव्या हाताची एकसारखी बोटं क्रोमॅटिक अकॉर्डियनची पाच ओळींची बटणं आधीच देत होती, मग यान्कोसाठी नव्याने कोण शिकणार?

ग्लिसांदोही बदलतो. ओळीवरून बोट घसरलं की बटणांवर दीड-दीड स्वर ऐकू येतात, यान्कोवर पूर्ण स्वर.

डावीकडे कन्व्हर्टरचा खटका आहे का बघा. तो दाबल्यावर कॉर्डच्या बटणांतून एकेकच सूर आला, आणि तीन सप्तकं तरी मिळाली, तर घ्या. नाहीतर बाखसाठी नको.